डोंगरी सायकल : सुटे भाग आणि त्यांचीं मापें

खडकाळ वाटांसाठीं म्हणून जी रुंद टायरांची सायकल आज शहरोशहरींच्या दुकानांत मांडलेली दिसते, तिचा जन्म कोणत्याही मोठ्या कारखान्यांत झाला नाहीं. तो अडगळींत झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, मरीन नांवाचा जिल्हा आहे. तेथील टॅमलपाईस पर्वताच्या उतारांवरून १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण मंडळी जुन्यापुराण्या सायकली घेऊन भरधांव उतरूं लागली. या सायकली बहुतेक श्विन या अमेरिकन कंपनीनें दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें काढलेल्या. वजनानें जड, दिसण्यांत ओबडधोबड, परंतु फ्रेम दणकट आणि टायर दोन इंचांहून रुंद. भंगाराच्या दुकानांत अल्प किंमतीस मिळणारी अशी सायकल त्यांना पुरे होई. तिचें मडगार्ड, घंटा, सामान ठेवण्याची जाळी वगैरे सारा शृंगार उतरवून टाकावयाचा, आणि उरलेला सांगाडा घेऊन डोंगर गांठावयाचा, असा त्यांचा खाक्या होता.

या सायकलींस ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे दुकानदाराच्या भाषेंत हबमध्यें, बसविलेला असे. पायडल उलट दाबलें म्हणजे तो लागे. फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका वाटेवर १९७६ च्या ऑक्टोबर महिन्यांत या मंडळींनीं शर्यत सुरू केली. ती वाट सुमारें २ मैल लांबीची आणि तेवढ्या अंतरांत जवळजवळ १३०० फूट खालीं उतरणारी. पायथ्याशीं पोंचेपर्यंत हब इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर निघे. पुढच्या फेरीपूर्वीं तो उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. या पुन्हां भरण्यास इंग्रजींत ‘रीपॅक’ म्हणतात. तेंच नांव त्या वाटेस आणि त्या शर्यतीस पडलें.

मग सुधारणा सुरू झाल्या. कोणी जोडसायकलीचे ड्रम-ब्रेक आणून बसविले, कोणी मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी लावल्या, कोणी लांबच्या प्रवासाच्या सायकलींवरील गिअर काढून या जड सायकलींवर चढविले, म्हणजे वर जातांना सायकल ढकलीत न्यावी लागूं नये. १९७७ सालीं जो ब्रीझ या कारागिरानें मुद्दाम या कामासाठीं नवी फ्रेम घडविली. १९७९ सालीं गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनीं टॉम रिची या कारागिरानें बांधलेल्या फ्रेमवर तयार सायकली विकण्याचा धंदा काढला. १९८१ सालीं स्पेशलाइझ्ड कंपनीची कारखानी सायकल बाजारांत आली, आणि १९८२ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें केवळ डोंगरी सायकलींसाठीं भागांचा एक संच काढला. अडगळींतील खेळाचा असा पांचसहा वर्षांत व्यापार झाला.

डोंगरी सायकल ही मुळांतच ठिकठिकाणचे भाग जमवून उभी केलेली वस्तु आहे. म्हणूनच तिच्या मालकास ‘हा भाग काढून तो लावूं’ अशी हुक्की सतत येत असावी! परंतु मरीनच्या त्या मंडळींस जो भाग बसत नसे तो कानशीनें घांसून, नवा आधार झाळून, ते बसवून घेत. आजचा भाग मिलिमीटरच्या अंशापर्यंत घडविलेला असतो. तो बसला तर उत्तम बसतो आणि न बसला तर कोणत्याही उपायानें बसत नाहीं. सुट्या भागांच्या खरेदींत पैसा वायां जातो तो बहुधा वाईट माल घेतल्यामुळें नव्हे, तर चांगला माल चुकीच्या मापाचा घेतल्यामुळें.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण टायरचें. श्विन कंपनीनें १९३३ सालीं अमेरिकेंत फुगीर टायर आणले ते २६ इंची होते. मरीनच्या सायकलींस तेच असल्यामुळें पुढें जवळजवळ तीस वर्षें डोंगरी सायकलीचें चाक २६ इंची राहिलें. आतां हे २६ इंच म्हणजे काय? फुगविलेल्या टायरचा बाहेरचा व्यास. आणि तोहि ढोबळमानानें. टायर ज्या कडेवर बसतो त्या कडेचा व्यास या चाकांत ५५९ मिलिमीटर असतो. परंतु इंग्लिश पद्धतीच्या साध्या सायकलींचा २६ × १ ३/८ मापाचा जो टायर आपल्याकडे नित्याचा, त्याच्या कडेचा व्यास ५९० मिलिमीटर आहे. दोहोंचें नांव २६, आणि व्यासांत फरक ३१ मिलिमीटरांचा! एखाद्या गृहस्थानें कोपऱ्यावरच्या दुकानांतून ‘सव्वीसचा टायर’ आणला आणि मुलगा दुपारभर त्याच्याशीं झटापट करीत बसला, तर यांत मुलाच्या अंगीं बळ नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं.

याच्या उलट प्रकारहि आहे. हल्लींच्या डोंगरी सायकलींत २९ इंची म्हणून जें चाक चालतें, त्याची कड ६२२ मिलिमीटरांची. आणि शर्यतीच्या सडपातळ सायकलीचें ७०० म्हणून जें चाक, त्याचीहि कड ६२२ चीच. नांवें दोन, माप एक. फरक केवळ रुंदीचा. साडेसत्तावीस इंची म्हणतात त्या चाकाची कड ५८४ मिलिमीटरांची असते. तेव्हां दुकानांत इंच सांगूंच नयेत. जुन्या टायरच्या कुशीवर बारीक अक्षरांत ५४-५५९ असा जोड आंकडा उमटविलेला असतो. पहिला आंकडा रुंदीचा आणि दुसरा कडेच्या व्यासाचा. दुसरा आंकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यांत थोडी मोकळीक असते, पण फ्रेम आणि टायर यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस थोडी जागा राहील इतकीच. कोरड्या रस्त्यावर ती जागा रिकामी दिसते. सह्याद्रींतील पावसाळी चिखलांत ती कां ठेवावयाची हें पहिल्याच चढावर कळून येतें.

आतां चेनकडे वळूं. सायकलीच्या सर्व भागांत इतका मुकाट्यानें खर्च करविणारा दुसरा भाग नाहीं. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचें अंतर बरोबर अर्धा इंच असतें. चक्राच्या दांत्यांमधील अंतरहि त्याच मापानें कातलेलें असतें. वापरानें चेन ‘लांबते’ असें म्हणतात. परंतु पोलादाच्या पट्ट्या कांहीं ताणल्या जात नाहींत. प्रत्येक सांध्यांतील पीन आणि तिच्याभोंवतालची धातु एकमेकींवर घांसून किंचित् झिजते. एका सांध्यांतील ही झीज केंसाइतकीहि नसते. पण चेनमध्यें सांधे शंभराहून अधिक, आणि सर्वांची झीज एकाच दिशेस जमा होते. मग अर्ध्या इंचाचें अंतर अर्ध्या इंचाचें राहत नाहीं. लांबलेली चेन दांत्याच्या मुळाशीं न बसतां वर सरकून बसते, अनेक दांत्यांनीं वांटून घ्यावयाचा भार एकदोन दांत्यांवर पडतो, आणि दांते झिजून त्यांचा आंकडा बनतो.

ही झीज मोजण्यास शाळेंतील फूटपट्टी पुरते; मात्र ती पोलादी असावी. लांकडी पट्टीचा आरंभ घांसलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर पूर्ण विश्वास ठेवतां येत नाहीं. चेन ताणलेली असतांना एका पिनेच्या कडेवर शून्य धरावें. तेथून चोविसाव्या पिनेची तीच कड नव्या चेनमध्यें बरोबर १२ इंचांवर येते. ती जर १/१६ इंच पुढें गेलेली दिसली, तर चेन बदलण्याची वेळ आली. १/८ इंच पुढें गेली असेल, तर वेळ टळून गेली. मागील दांतेरी चक्रांचा जुडगा, ज्यास कॅसेट म्हणतात, तोहि बहुतकरून कामांतून गेला असें समजावें. कॅसेट चेनहून बरीच महाग पडते, आणि अधिक गतींच्या सायकलींत तर हा फरक फारच वाढतो. सोळांशानें आणि अष्टमांशानें होणारा हा फरक पट्टीवर नखाएवढाहि नाहीं. घरखर्चाच्या वहींत मात्र तो ठळक उमटतो.

झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन चढविली म्हणजे काय होतें? मोकळ्यांत फिरवून पाहतांना सारें ठीक वाटतें. पण चढावर उभें राहून जोर दिला कीं, चेन दांत्यांवरून उडते, पायडल एकाएकीं खालीं जातें आणि गुडघा हँडलवर आपटतो. जुनी चेन व जुनी कॅसेट मात्र एकमेकींच्या झिजेस सरावलेल्या असल्यामुळें बरेच दिवस निमूट चालतात. म्हणून शहाणपणाचे मार्ग दोनच. एक तर चेन वेळेवर बदलीत जावी आणि एका कॅसेटवर दोनतीन चेना काढाव्या. नाहीं तर दोहोंस शेवटपर्यंत चालूं द्यावें आणि एकदमच रजा द्यावी. साधी, स्वस्त कॅसेट असेल तर दुसरा मार्ग वाईट नाहीं. महाग कॅसेट असतां तो पत्करणें म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय.

नवी चेन घेतांना मागें किती चक्रें आहेत तें सांगावें. चक्रें वाढलीं कीं तीं एकमेकांजवळ येतात आणि चेन अरुंद करावी लागते. ८ चक्रांची चेन बाहेरून सुमारें ७ मिलिमीटर, तर ११ चक्रांची सुमारें साडेपांच मिलिमीटर रुंद असते. विकत मिळते ती चेन जरुरीपेक्षां लांब असते. ती जुनीशीं सांधे मोजून कापावी. जुनी नसेल तर पुढचें सर्वांत मोठें आणि मागचें सर्वांत मोठें चक्र यांच्याभोंवतीं, मधल्या कशांतूनहि न ओंवतां, ती गुंडाळून एक इंच अधिक ठेवावी. मागें स्प्रिंग असलेल्या सायकलींत तें अंतर स्प्रिंग दबतांना वाढतें, तें आधीं ध्यानांत घ्यावें.

तेलाविषयीं दोन शब्द. पावसाळ्यांत लाल माती आणि पाणी मिळून जो राडा चेनला लागतो, तो घांसकाम करणाऱ्या लोहाराच्या लेपाहून वेगळा नसतो. त्यावरच तेल ओतलें कीं लेप पुरता तयार होतो. आधीं चेन धुवावी, कोरडी पुसावी, मग प्रत्येक सांध्यावर एक एक थेंब सोडावा, चेन थोडी फिरवावी आणि बाहेरचें सारें तेल पुसून काढावें. तेलाची गरज पिनेला असते, पट्टीला नव्हे. घरांतील खोबरेल या कामीं वापरूं नये; पुण्याच्या थंडींत तें बाटलींत थिजतें, तेंच चेनमध्यें होतें. मोटारी धुण्याच्या जोरकस फवाऱ्यानें सायकल चकचकीत होते खरी, पण तें पाणी हबच्या छर्ऱ्यांपर्यंत जातें.

आतां ज्यास मुलें ‘अपग्रेड’ म्हणतात तो प्रकार. स्वस्त डोंगरी सायकलींत मागें बहुधा ७ चक्रें असतात, आणि मुलाच्या मनांत १० किंवा ११ चक्रांची कॅसेट बसवावी असें येतें. सायकलीचा मागचा हब पाहिल्याशिवाय या गोष्टीस होकार देऊं नये. स्वस्त हबवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवर फ्रीव्हील पिळून बसविलेलें असतें. चाल सोडली असतां टिक् टिक् करणारी योजना त्या फ्रीव्हीलच्या पोटांतच असते. कॅसेटच्या प्रकारांत ही योजना हबमध्यें असते आणि चक्रें नुसतीं तिच्या खांचांत सरकवून वरून कडें आवळतात. एकाचा भाग दुसऱ्यावर बसत नाहीं. म्हणजे कॅसेट घ्यावयाची तर हब बदलणें आलें. हब बदलावयाचा म्हणजे चाक नव्यानें विणणें किंवा चाकच नवें घेणें आलें. मग चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारें डिरेलर मोठ्या चक्रापर्यंत पोंचत नाहीं, म्हणून तेंहि नवें. हँडलवरचा शिफ्टर सातच टप्पे मोजतो, म्हणून तोहि नवा. चेन तर नवी हवीच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. अशा वेळीं ती सायकल आहे तशी वापरून, पुढील सायकलीसाठीं पैसे बाजूस ठेवणें बरें.

येथेंच आणखी एक सांगून ठेवावें. शिफ्टरच्या एका टप्प्यांत वायर किती खेंचली जावी आणि तेवढ्या खेंचीनें डिरेलर किती सरकावें, याचें प्रमाण प्रत्येक कंपनीचें वेगळें असतें. कांहीं वेळां एकाच कंपनीच्या निरनिराळ्या संचांतहि तें जुळत नाहीं. तेव्हां शिफ्टर व डिरेलर एकमेकांशीं जुळतात अशी कंपनीची स्पष्ट नोंद पाहूनच घ्यावे. कारागिराच्या कौशल्यानें ही विजोड जोडी कधीं नांदत नाहीं.

आटे पाडलेल्या हबसंबंधीं अडचण केवळ चक्रांच्या संख्येची नाहीं. त्यांत उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आंतल्या बाजूस राहतात, आणि आंसाचा बाहेर आलेला तुकडा निराधार असतो. रस्त्यावर यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु दगडांवरून उड्या मारूं लागलें कीं तो आंस वांकतो व कधीं मोडतोहि. दुकानांतील प्रत्येक रुंद टायरची सायकल डोंगरासाठीं केलेली नसते, हें पालकांनीं पक्कें समजून असावें.

पुढच्या स्प्रिंगदार चिमट्याविषयीं मुलांस विशेष मोह असतो. १०० मिलिमीटर दबणारा चिमटा काढून १४० चा लावावा, म्हणजे सायकल अधिक डोंगरी होईल, अशी समजूत आहे. तसें केल्यानें सायकलीचें तोंड वर उचललें जातें, हँडलच्या नळीचा कोन दोनएक अंशांनीं कलतो, सायकल चढावर भटकूं लागते, आणि ज्या जोडावर फ्रेम मुळांत तितक्या ताणासाठीं केलेली नाहीं तेथें ताण पडतो. शिवाय चिमट्याची मान कांहींची सरळ सव्वा इंचाच्या आंत, म्हणजे १ १/८ इंचाची, तर कांहींची खालीं रुंद होत दीड इंचापर्यंत जाणारी असते. ती फ्रेममध्यें जाते कीं नाहीं हें प्रथम पाहावें. सीटच्या दांड्याचेंहि असेंच. २७.२, ३०.९ आणि ३१.६ हीं तीन मापें नेहमींचीं; शेवटच्या दोहोंतील फरक डोळ्यांना दिसत नाहीं, पण दांडा मात्र एक तर आंत शिरत नाहीं किंवा आवळला तरी घसरतो.

घरीं दुरुस्ती करणाऱ्यानें उलटे आटे लक्षांत ठेवावे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पायडलांमधला आंस इंग्लिश पद्धतीच्या आट्यांचा असेल, तर त्याच्या उजव्या वाटीचे आटे उलटे. ‘गंजलें आहे, निघत नाहीं’ म्हणून पान्यावर उभें राहून उलट अधिक आवळल्याचीं उदाहरणें घरोघर सांपडतात. ॲल्युमिनमच्या भागांत पोलादी स्क्रू पिळतांना आट्यांना ग्रीस लावावें, आणि भागावर जो न्यूटन-मीटरचा आंकडा छापलेला असतो त्यापलीकडे आवळूं नये. हँडल धरणाऱ्या स्क्रूंस तो पुष्कळदां पांच-सहाच असतो, म्हणजे आखूड पान्यास दोन बोटांचा जोर.

ब्रेकचा प्रश्न मुद्दाम शेवटीं घेतला आहे, कारण खरेदीच्या यादींत मुलें तो शेवटींच घालतात. घरचें धोरण याच्या नेमकें उलट असावें. ब्रेकचें सामान आधीं, बाकी हौस मागाहून. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्यें रबरी ठोकळे झिजतातच, शिवाय रिमहि झिजते. रिमच्या कुशींत खोल खळगी पडली असेल तर नुसते ठोकळे बदलून भागत नाहीं. चकतीचा ब्रेक नंतर बसवावयाचा असेल तर फ्रेमवर व चिमट्यावर त्यासाठीं केलेले कान असावे लागतात आणि हबवर चकती बसण्याची जागा असावी लागते. हीं तिन्ही नसतील तर तो विचार सोडून द्यावा. असलेल्या चकतीच्या ब्रेकमध्यें पॅडवरील मसाला अर्धा मिलिमीटर उरला कीं पॅड बदलावें. चकतीचीहि जाडी मोजावी. शिमानोची चकती नवी असतांना १.८ मिलिमीटर असते आणि १.५ झाली कीं टाकून द्यावयाची असते. ज्या ब्रेकमध्यें वायरऐवजीं तेल असतें, त्यांत कांहीं कंपन्या खनिज तेल वापरतात आणि कांहीं मोटारींतील डॉट नांवाचा द्रव. एकाच्या जागीं दुसरें घातलें तर आंतील रबरी कडीं फुगतात आणि ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. कोणतें घालावयाचें तें मुठीच्या झांकणावरच लिहिलेलें असतें. हें तेल भरण्याचें काम, आणि वांकडें चाक सरळ करण्याचें काम, जाणत्या कारागिराकडे द्यावें. त्याची मजुरी जास्त वाटत नाहीं.

चकतीस तेलाचा हात लागूं देऊं नये, चेनला तेल सोडतांना तर मुळींच नाहीं. पॅडनें तेल शोषलें कीं तें सहसा कामास येत नाहीं. आणि नवीं पॅडें बसविल्यावर लगेच डोंगरावर जाऊं नये. मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेतानें वेग घेऊन, चालण्याच्या वेगापर्यंत ती हळूहळू आणावी. चाक अडकूं देऊं नये आणि पूर्ण थांबूंहि नये. असें वीसएक वेळां केलें म्हणजे पॅडचा मसाला चकतीवर सारखा चढतो आणि ब्रेक धरूं लागतो. तोंवर नवा ब्रेक जुन्याहूनहि कच्चा वाटतो, आणि पुष्कळजण तो दुकानांत परत नेतात.